शनिवारी तीन ते पाच, पेठनाका

"माफ करा, पण... परिस्थितीतल्या 'रि'ला पहिली वेलांटी असते."

भर मे महिन्यात, सांगली–कराड गाडीत, शेजारच्या अनोळखी माणसानं मला हे सांगितलं. मी पटकन वहीवर हात ठेवला.

"दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, हे शिकवलं नाही का कुणी?"

"शिकवलंय. पण माझं पोटच त्याच्यावर चालतं ना..." तो ओशाळून हसला. "मी जिनपाल चौगुले. सांगलीत एका प्रकाशनात संपादनाचं काम करतो. आमचा दिवाळी अंकही निघतो."

हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. बघायची नव्हती मला... पण दिसली.

मी संयोगिता. राहते मलकापुरात, आणि कराडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. हे त्याला सांगितलं, आणि का कोण जाणे, त्याच्यापुढचंही सांगून टाकलं. शिराळ्याच्या एका नर्सची गोष्ट मी सात वर्षं लिहीत होते. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालं होतं.

"आणि दुसरं?"

"पहिलं नीट झालं की घेणार..."

"म्हणजे कधीच नाही!"

इतका राग आला! इस्लामपूर गेलं, पेठनाका गेला, मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. कराडच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र मीच मागं वळले.

"मग करायचं काय?"

त्यानं माझ्याच वहीचं शेवटचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. सोमवार ते शुक्रवार, पहाटे साडेपाच ते पावणेसात, दोन पानं. मागचं वाचायचं नाही, खोडायचं नाही. शनिवारी फक्त दुरुस्ती. रविवारी वहीला हात लावायचा नाही.

"एकतीस ऑगस्टला गोष्ट पुरी झाली, तर दिवाळी अंकासाठी मी ती आमच्या संपादकांपुढं ठेवीन. छापायचं की नाही ते ठरवतील. पण पुरी झालेलीच ठेवीन."

"आणि शनिवारची दुरुस्ती कोण करणार?"

तो पेनाचं टोपण लावत, काढत राहिला. "पेठनाक्यावर एक हॉटेल आहे... तीन ते पाच. तुम्हाला जवळ, मला जरा लांब. चालतंय."

"पाचच का?"

"आम्ही जैन. चातुर्मासात आमची आई दिवस मावळल्यावर वाढत नाही. उपाशी झोपावं लागेल मला."

जूनच्या पहिल्या सोमवारी मी साडेपाचला उठले. दोन पानं लिहिली. इतकी वाईट की बस्स! पण खोडली नाहीत. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहाटे माझ्या खोलीत दिवा बघून ते दारात आले.

"काय गं, आजारी हायस का?"

"नाही आबा, लिहितेय."

"रोज लिवणार?"

"रोज."

दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वापाचला माझ्या दारावर दोन टकटक झाल्या. मग त्या रोजच होऊ लागल्या.

पेठनाक्यावर तो आधीच येऊन बसलेला असायचा. मिसळ माझी, त्याची बिनकांद्याची पोह्याची बशी, मध्ये माझी पानं आणि त्याची पेन्सिल. बाहेर भुरभुर पाऊस. तो वाचताना ओठ किंचित हलवायचा, आणि मी पानाऐवजी ते ओठ बघत बसायचे.

"हा परिच्छेद कापू या."

"माझा सगळ्यात आवडता आहे तो!"

"म्हणूनच."

"तुम्हाला काळीज आहे की नाही हो?"

"आहे. पण पाचनंतर."

तिसऱ्या आठवड्यात तापाची साथ आली. लॅबमध्ये रांगा लागल्या, आणि शनिवारी मी चारच पानं घेऊन गेले. वाटलं, म्हणेल की असू दे. त्यानं चार पानं वाचली, खुणा केल्या आणि चहा मागवला. "साथ खरीच आहे. पण बघा, दमलेल्या दिवशी अर्धं पान तरी... दिवस कोरा जायला नको." त्याचा आवाज मऊ होता, बोलणं नव्हतं. त्यानंतर माझा एकही दिवस कोरा गेला नाही.

श्रावण लागला. शिराळ्याची नागपंचमी झाली त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "उद्या विट्याची माणसं येत्यात तुला बघायला. गलाईवाले हाईत. पोराचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान हाय. माणसं लय चांगली."

"उद्या शनिवार आहे, आबा. जमणार नाही."

"एक शनवार चुकला तर काय हुतंय?"

"तुम्ही कधी परेड चुकवली होती?"

आबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "कोण हाय त्यो?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी विट्याला फोन करून माणसं पुढच्या आठवड्यावर ढकलली आणि म्हणाले, "उद्या मी बी येतो."

शनिवारी आबा शेजारच्या टेबलावर पेपर उघडून बसले. जिनपालनं त्यांना वाकून नमस्कार केला, घाम पुसला आणि माझी दहा पानं माझ्यापुढं सरकवली. वाचून झाली होती... पण एकही खूण नाही!

"हे काय?"

"चांगलं झालंय."

"खोटं! तिसऱ्या पानावर नर्स दोनदा रडते. मला कळतं ते तुम्हाला दिसलं नाही?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "दिसत नाही हो आता. तुमचं अक्षर बघितलं की सगळंच... संयोगिता, मला तुम्हाला सांगायचंय की—"

शेजारी पेपरचं पान उलटायचं थांबलं. ते वाक्य मला हवं होतं, पुरतं हवं होतं! पण सात वर्षं मी माझी गोष्ट अशीच मध्ये सोडत आले होते.

"थांबा," मी म्हणाले. "एकतीस ऑगस्टपर्यंत मला संपादक पाहिजे. खरा. बाकीचं एक सप्टेंबरला ऐकेन. नक्की ऐकेन."

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते, पण हसत होता. पेन्सिल उचलली आणि नर्सचं दुसरं रडणं आडवी रेघ मारून उडवलं. पुढं पाचपर्यंत आम्ही नुसते भांडलो.

परतीच्या गाडीत आबांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "जीव हाय त्याचा तुझ्यावर. तरी तू म्हणलीस म्हणून काम खरं केलं त्यानं. असा माणूस आमी फौजेत पारखून घ्यायचो." थोड्या वेळानं पुन्हा, "विट्याला नको म्हणून सांगतो. पर त्याला मटण न्हाई चालायचं, व्हय ना?"

"नाही, आबा."

"अवघड हाय," आबा म्हणाले आणि डोळे मिटले.

एकतीसला शेवटचं पान दिलं. एक सप्टेंबर रविवार होता. पहिल्या गाडीनं जिनपाल आला आणि आम्ही कराडला प्रीतिसंगमावर गेलो. दोन्ही नद्या गढूळ, फुगलेल्या.

"माझं प्रेम आहे तुमच्यावर," तो एका दमात म्हणाला. "घरी सांगितलंय. आई दोन दिवस बोलली नाही. काल विचारलं तिनं, ती मुलगी दिवस मावळायच्या आत जेवेल का?"

"जेवेन. मटण माहेरी खाईन. पण पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघरात नसेन, जिनपाल. लिहीत असेन. हे आजच सांगते. आयुष्यभर."

"मी असेन ना स्वयंपाकघरात. चहा चांगला करतो मी." मग थांबून, पहिल्यांदाच, "तू... हो म्हणतेस?"

"हो म्हणतेय रे!"

गोष्ट दिवाळी अंकात आली. फेब्रुवारीत लग्न झालं.

सांगलीतल्या घरातल्या पहिल्या सोमवारी मी साडेपाचला नवी वही उघडली. आत जिनपाल आधण ठेवत होता. भांड्याच्या आवाजानं सासूबाई उठून आल्या. चुलीपाशी मुलाला बघितलं, मला बघितलं. माझी बोटं थांबली. पण उठले नाही.

त्या माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. पदर नीट केला.

"काय ल्हितीस गं एवढं?" त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं वाच की."