ओटीत घातलेलं पोर

भगवंता, दात काढू नकोस. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर घरी जाऊन झोप. आणि मी हळूच बोलणार, आत कुमुदिनीवहिनी आहेत. ही याच घरातली गोष्ट आहे.

सत्त्याऐंशी साल. श्रावणातला तिसरा शुक्रवार. माझा दोस्त महिपती, वहिनींचा नवरा, अंबरनाथला कारखान्यात होता. राहायला इथंच, हेंद्रेपाड्यात. त्याला एकच नाद, जुन्या प्लॅस्टरच्या तबकड्या जमवायचा. पूर्वीचे साहेब लोक रोमला फिरायला जायचे आणि आठवण म्हणून त्या आणायचे. पांढऱ्याफेक, ताटाएवढ्या, वर उठावाची चित्रं. उल्हासनगरला कॅम्प चारचा भंगारवाला याच्यासाठी राखून ठेवायचा. "साईं, असली रोम का माल," म्हणायचा.

त्या सकाळी महिपतीनं एक आणली. पंखवाली बाई, दोन्ही हातांवर झोपलेली लेकरं. मागची इंग्रजी चिठ्ठी सुटली, ती त्यानं खिशात टाकली. संध्याकाळी आम्ही दोघं औषध आणायला गेलो. त्याची जिजा तीन वर्षांची, चार दिवस तापानं फणफणलेली. दुकानात उभ्या उभ्या त्यानं चिठ्ठी वाचली. 'रात्र, आणि तिची दोन मुलं. झोप आणि मरण.'

सव्वासातला घरी आलो. वीज गेलेली. पाटावर तीच तबकडी. हळदकुंकू, आघाडा-दूर्वांची माळ.

"भावोजी, जिवतीचा कागद उंदरानं खाल्ला हो," वहिनी म्हणाल्या. "बरी ही लेकुरवाळी मिळाली."

महिपतीनं खिशातली चिठ्ठी बाहेर काढली. "कुमुद... काय बोललीस तिला?"

"काय बोलणार? पोर तुझ्या ओटीत घातलं गं बाई, म्हटलं. सगळ्याच म्हणतात."

त्यानं जिजाला हात लावला. मीही लावला.

गार. श्वास... नव्हता.

महिपतीनं चिठ्ठी वाचून दाखवली. वहिनी रडल्या नाहीत. तबकडीपुढे पदर पसरला.

"चुकले. ओळखलं नाही तुला. माझं आहे ते. दे."

...

वात तडतडली.

...

"आई, पाणी."

रडलो रे आम्ही तिघंही, लहान पोरांसारखे!

मग वहिनींना दिसलं, जिजाच्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी नाही. अंथरूण झाडलं, खाट सरकवली. नाही. महिपती तबकडीवरचं कुंकू पुसायला गेला आणि तसाच थांबला. एका लेकराच्या मनगटावर मणी. प्लॅस्टरचेच, कोरलेले. सकाळी नव्हते. मोजले. नऊ. जिजाच्या मनगटीत नऊच होते.

आत्ता तुम्हाला पाणी देऊन गेली ना, तीच जिजा. चौदाची झाली. तबकडी आत कपाटात आहे, फोडायची कोणाची छाती होत नाही. मणी आहेत एकाच लेकराच्या हातात. पण त्यातलं झोप कोणतं आणि मरण कोणतं... ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही.