निळं पेट्रोल

"पेट्रोल निळं असतं का गं कधी?" हृतिकने विचारलं आणि बाटली मोनिकाच्या तोंडापुढे धरली.

कडब्याच्या गंजीमागे तिघं उकिडवी बसली होती. मोनिकाच्या धाकट्या भावाचा, पप्पूचा चेंडू शोधायला म्हणून मागे आली, तर चेंडूऐवजी पोत्याखाली झाकून ठेवलेला एक प्लॅस्टिकचा कॅन सापडला. झाकण फिरवताच पेट्रोलचा भपकारा आला. हृतिकने त्यातलं थोडं आपल्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि उन्हात धरलं. बाटलीत पेट्रोल होतं खरं, पण निळं. अगदी फिकट, नीळ टाकलेल्या पाण्यासारखं.

हृतिक शिरूरच्या शाळेत आठवीत होता. दर मे महिन्यात तो न्हावऱ्याला आण्णांकडे, म्हणजे आजोबांकडे यायचा. आण्णांचा झेंडूचा मळा आणि मोनिकाचं घर यांच्यात फक्त एक बांध. पण हृतिक खरा यायचा तो मळ्यापलीकडच्या धावपट्टीसाठी. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोपटराव या मूळ न्हावऱ्याच्याच माणसाचं एक विमान उभं असायचं. चार माणसांचं, पांढरं, चाळिशी ओलांडलेलं, अंगावरचा तांबडा पट्टा उन्हाने विटलेला. पोपटरावांचा पुण्यात कारखाना होता आणि सगळा जीव या विमानात. आज रबरी कड्या बदल, उद्या चाक, परवा बॅटरी असं त्याचं काहीतरी चालूच असायचं. जुनं विमान म्हणजे म्हातारी म्हैस, दूध कमी आणि लाड जास्त, असं ते स्वतःच हसत सांगायचे. दिवाळीपासून इंजिनाच्या एका भागासाठी ते जागेवरच उभं होतं. आता भाग बसला होता, तपासणीचा कागद मिळाला होता, आणि येत्या रविवारी पोपटराव पहिलं उड्डाण करणार होते. शेजारच्या सीटवर हृतिकला बसवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

विमानाचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं, म्हणजे दुसऱ्यात मिसळलं तर कळतं, हेही त्यांनीच हृतिकला सांगितलं होतं. आणि साऱ्या पंचक्रोशीत विमान एकच.

"म्हणजे कुणीतरी विमानातलं पेट्रोल चोरतंय," हृतिक कुजबुजला. त्याचे डोळे चमकत होते. "आपण पकडायचं त्याला."

"आमच्या घरात चोर न्हाई कुणी," पप्पू फणकारला. तो नऊ वर्षांचा होता, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंही नाही.

मोनिकाला मात्र कळलं होतं. गंज तिच्या आजोबांची, म्हणजे आबांची होती, पोतंही त्यांच्याच घरचं होतं. आणि विमानाची देखभाल करायला, शेडची किल्ली सांभाळायला पोपटरावांनी ठेवलेला माणूस म्हणजे तिचा सख्खा चुलता, संपतकाका. काकाची मोटारसायकल हल्ली पंपावर दिसलीच नव्हती. तिने कॅन होता तसा झाकून ठेवला. त्या रात्री तिला भाकर गिळेना. वच्छलाबाई आजीने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सारं गाव सावलीला पडलेलं असताना, हृतिकने पाळत ठेवायचं ठरवलं. त्याने रस्त्याकडची बाजू घेतली, मोनिकाला शेडमागची दिली. पत्रा इतका तापला होता की हात लावता येत नव्हता. पत्र्याच्या फटीला तिने डोळा लावला.

आत संपतकाका शिडीवर उभा होता. विमानाचे पंख वरच्या अंगाला होते, आणि टाकीचं झाकण पंखाच्या पाठीवर. काकाने झाकण काढलं होतं. एका हातात नरसाळं होतं, दुसऱ्या हातात बादली. बादली नळावरची होती आणि तिच्यातून जे पडत होतं ते पाणीच होतं. काकाने मापाची काठी टाकीत बुडवून पाहिली, मान हलवली आणि आणखी थोडं ओतलं.

मोनिकाच्या पायाखाली वाळकं चिपाड मोडलं.

काका शिडीवरून उतरून बाहेर आला तेव्हा ती पळूही शकली नाही. तिला वाटलं, आता मार बसणार. पण काकाचा चेहरा पाहून तिला जास्तच भीती वाटली, कारण काकाच घाबरलेला होता. तो तिच्यासमोर चवड्यावर बसला आणि खालच्या आवाजात सांगू लागला. विमान हलतच नव्हतं, नुसतं उभं होतं. म्हणून गाडीपुरतं थोडं थोडं काढत गेला. आता साहेब अचानक उडवतो म्हणाले. मापाला कमी भरलं तर नोकरी जाईल, म्हणून आज पाणी घातलं.

"पण काका, इमान पाण्यावर कसं चालंल?"

"आयतवारच्या आधी सगळी टाकी रिकामी करतो. शिरूरला एकाला सांगितलंय, तो चांगलं पेट्रोल आणून देणार हाय. तू निस्ती गप ऱ्हा, मोने. आबांच्या कानावर गेलं तर मला घरात घ्यायचे न्हाईत."

मोनिकाने मान हलवली. हृतिकला तिने सांगितलं की काही दिसलं नाही. तो चिडला. तुला पाळतसुद्धा ठेवता येत नाही, म्हणाला. ते बोलणं तिने गिळलं. आयतवारच्या आधी, आयतवारच्या आधी, असं ती मनाशी घोकत राहिली.

आणि पोपटराव शनिवारीच आले.

सकाळी धावपट्टीकडून गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा मोनिका गोठ्यात शेण भरत होती. टोपली तशीच टाकून ती धावली. ती पोचेपर्यंत विमान शेडबाहेर ढकलून झालं होतं. रविवारी वारा वाढणार आहे, म्हणून आजच एक फेरी मारून घेऊ, असं पोपटरावांनी ठरवलं होतं. हृतिक नवा शर्ट घालून आला होता. त्याचं हसू काही केल्या लपत नव्हतं.

पोपटराव घाईत होते. ऊन आणखी चढण्याआधी त्यांना उडायचं होतं. विमानाभोवती ते एक चक्कर मारून आले, चाकं दाबून पाहिली, पंख हलवून पाहिला. टाकीच्या बुडाशी एक बारीक तोटी असते. उडण्याआधी तिच्यातून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना हे बघायचं असतं. पोपटराव तिथे वाकले, मग घड्याळाकडे पाहून सरळ झाले.

"संपत, खालून काढून बघितलंस ना?"

मोनिकाने काकाकडे पाहिलं. काकाचे ओठ सुकले होते. कपाळावरून घाम ओघळत होता.

"व्हय साहेब," काका म्हणाला. "बघितलं."

ते खोटं आहे हे तिथे दोघांनाच माहीत होतं. मोनिकाला ओरडायचं होतं. काका तिच्याकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. ती बोलली तर काका संपला. ती नाही बोलली तर? हृतिक आत चढला. त्याने पट्टा बांधला आणि काचेतून तिला हात हलवून दाखवला. कालचा राग विसरून गेला होता तो.

"पोपटमामा," तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "थांबा. नका जाऊ."

पोपटरावांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी हसून सांगितलं की पुढच्या खेपेला तुझा नंबर, आणि दार लावून घेतलं. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरला, अडखळला, पुन्हा फिरला आणि गरगरू लागला. धुरळा तिच्या डोळ्यांत गेला. फिरत्या पंख्याजवळ कुणी कधी जायचं नाही, हा पोपटरावांनी मुलांना शिकवलेला पहिला नियम होता. तिला तो पाळायचा होता आणि मोडायचाही होता. ती दूर उभी राहून दोन्ही हात हलवत किंचाळली. काचेआडून पोपटरावांनी मागे हो म्हणून खूण केली. विमान डुलत डुलत धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला निघालं.

"काका, त्यांना सांगा," ती रडत म्हणाली. "हृतिक हाय आत."

काका मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं होतं.

आता कुणीच काही करणार नव्हतं. विमान टोकाला जाणार, वळणार, तिथे उभं राहून पोपटराव इंजिन तपासणार आणि मग सुटणार. तेवढाच वेळ होता. मोनिकाने इकडे तिकडे पाहिलं. तारेच्या कुंपणापलीकडे, कांदा काढलेल्या रानात, पप्पू आबांची मेंढरं चारत होता. आबा बाभळीखाली आडवे झाले होते.

ती सुटली. चपला कुठे गेल्या ते तिला कळलं नाही. कुंपणाच्या फाटकाची तार सोडवताना बोटाला काटा लागला आणि रक्त आलं.

"पप्प्या, मेंढरं पट्टीवर घाल. सगळी. इचारू नको काय."

पप्पूने बहिणीचं तोंड पाहिलं आणि खरंच काही विचारलं नाही. मेंढरं फाटकाशी आली आणि डांबर पाहून बिथरली. ऊन खाऊन काळं डांबर तापलं होतं, खूर टाकायला एकही तयार होईना. पलीकडच्या टोकाला इंजिनाचा आवाज चढला. मोनिकाने पुढच्या एडक्याचं शिंग धरलं आणि त्याला ओढत डांबरावर नेलं. एडका पुढे गेला तशी एकामागे एक बाकीची आली. पप्पू मागून हाकत होता, तोंडाने हुर्र हुर्र करत होता. पट्टीच्या मधोमध लोकरीचा काळा-करडा ढिगारा झाला.

"तू जा बाजूला," ती पप्पूला म्हणाली. "बांधावर जा."

"आन् तू?"

"जा म्हणते ना."

विमान सुटलं होतं. आधी ते एक पांढरा ठिपका होतं, मग त्याला पंख दिसले, मग पंख्याचं गोल धुकं. आवाज छातीत घुमू लागला. मेंढरं चुळबुळली. काही कडेला सरकू लागली, एक फट पडली. एडक्याचं शिंग तिच्या हातातून सुटायला बघत होतं. तिने ते दोन्ही हातांनी आवळलं आणि त्या फटीत जाऊन उभी राहिली. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले तर आपण पळू असं तिला वाटलं, म्हणून तिने ते उघडे ठेवले.

आवाज एकदम उतरला. चाकं किंचाळली. विमानाचं नाक खाली दबलं, शेपूट डावीकडे फिरलं, आणि बरंच अलीकडे, रबराचा करपट वास सोडत, ते थांबलं.

दार उघडून पोपटराव अर्धे बाहेर आले. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. पोरीला वेड लागलं का, मेंढरं कुणाची, जीव गेला असता, असं ते इंजिनाच्या आवाजावरून ओरडत होते. आणि ओरडता ओरडता थांबले.

इंजिन खोकलं. एकदा, मग पुन्हा. पंखा अडखळत फिरला, एक झटका दिला आणि आपोआप उभा राहिला.

फक्त मेंढरं ओरडत होती. पोपटरावांनी बंद पंख्याकडे पाहिलं, मग वर मोकळ्या आभाळाकडे. लाल चेहरा पांढरा पडत गेला.

"मी बंद नाही केलं," ते हळूच म्हणाले.

ते विमानाखाली गेले. हृतिकने बरोबर आणलेली काचेची बाटली घेऊन त्यांनी तोटी दाबली. बाटली गच्च भरली ती पाण्याने, वर बोटभर निळा थर तरंगत होता. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मोनिकाला विचारलं. "कुणी घातलं हे?"

मोनिकाने खाली पाहिलं. आबा काठी टेकत फाटकातून येत होते. त्यांच्यासमोर ते नाव घ्यायचं म्हणजे तिला विमानापुढे उभं राहण्याइतकंच अवघड वाटलं. पण तिला ते घ्यावं लागलं नाही. संपतकाका पट्टीवरून चालत आला होता.

"म्या," तो म्हणाला. "पेट्रोल म्या काढलं, पाणीबी म्या घातलं. आन् मघाशी खोटं बोललो."

आबांनी मुलाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काकाला त्याहून मोठी शिक्षा नव्हती. पोपटरावांनी त्याच्याकडून शेडची किल्ली मागून घेतली. पोलिसात जाणार का, असं आबांनी स्पष्टच विचारलं. पोपटरावांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, संपतला जाब मी विचारणारच आहे, पण त्या तोटीशी मी वाकलो होतो आणि घड्याळ बघून उठलो. दुसऱ्याचं पोरगं शेजारी बसवून. त्याचा जाब मी कुणाला देऊ?

मग ते मोनिकासमोर गुडघ्यावर बसले, डांबर तापलेलं असतानाही.

"मी म्हणालो, पोर घाबरली. तुझं घाबरणं मी ऐकायला हवं होतं. तुझ्यामुळे आम्ही दोघं आज जमिनीवर आहोत, बाळ."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आबांना बोलायची सवय कमी.

"कळप राखायला काळीज लागतं," ते म्हणाले. "ते हिच्याकडं हाय." आणि मेंढरं वळवायला गेले.

मोनिकाला आपण रडतोय हे आत्ता कळलं. एडक्याचं शिंग अजून तिच्या मुठीत होतं. बोटं सुटत नव्हती, ती पप्पूने एकेक करून सोडवली.

हृतिक अजून विमानातच होता. त्याला पट्टा सोडता येत नव्हता. संपतकाकाने आत वाकून तो सोडला, त्याला खाली उतरवलं आणि बाजूला झाला. हृतिक येऊन मोनिकाशेजारी धावपट्टीच्या कडेला बसला. नव्या शर्टाला घामाने ओल आली होती.

"आतून दिसत होतं मला," तो म्हणाला. "मेंढरं बाजूला सरकायला लागली होती. सगळी सरकली असती तर?"

"सरकली असती," मोनिका म्हणाली. "मी न्हवते सरकणार."