गजर सोडू नको, सदा

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती घालून खोटं बोलायची माझी छाती नाही.

एकदाच बोलले. ते शेवटी सांगते.

हे आमच्याच घरी घडलं. वर्ध्याला, पिपरी मेघेत. गेल्या कार्तिकातली एकादशी होती आणि मी नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता. पण आधीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझे सासरे सदाशिवराव. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी जन्मभर वांगी-टमाटे पिकवले आणि बाजारात विकले. पण शौक एकच, हॅम रेडिओचा. रीतसर परवाना काढलेला. गच्चीवर तारा ताणून ते कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी बोलायचे.

हा नाद त्यांना लावला नत्थूकाकांनी. काका जवळच्याच सिंदी रेल्वे गावचे. त्यांच्याकडेही परवाना होता, पण त्यांची खरी ओळख म्हणजे कीर्तन. मामाजी त्यांचे टाळकरी.

नत्थूकाकांचं कीर्तन ज्यानं ऐकलं नाही, त्याला मी काय सांगू? माणूस पूर्वरंगात पोट धरून हसवायचा आणि उत्तररंगात रडवायचा. मी नवी नवरी होते. माहेर आठवलं आणि त्यांच्या कीर्तनात मागे बसून मुसमुसायला लागले. काकांनी वीणा थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काऊन रडून राह्यली व पोरी आतापासून? उत्तररंगापर्यंत थांब ना. मंग सगळे संगंच रडू!"

मंडप हसला. मीही हसले. त्या दिवसापासून हे घर माझं झालं.

पुढे शेजारी मजले चढले, तक्रारी झाल्या, गच्चीवरच्या तारा उतरवाव्या लागल्या. मामाजी आठवडाभर नीट जेवले नाहीत. तेव्हा भूपेंद्रनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. इंटरनेटवर चालणारं, पण हुबेहूब रेडिओसारखं. तशीच गोल फिरणारी चकती, तशीच खरखर.

"हे तं भातुकली हाय, लेका," मामाजी म्हणाले.

"भातुकलीच आहे, बाबा. ही खरखरसुद्धा खोटी आहे, कम्प्युटर तयार करतो. पण माणसं खरी आहेत. जे आत आलेले असतात त्यांची नावं या यादीत दिसतात. यादीत नाही त्याचा आवाज येणंच शक्य नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत होती. खऱ्या रेडिओवर फ्रिक्वेन्सीच्या काही पट्ट्यांवर फार जवळचा माणूस ऐकू येत नाही. लहरी वर जातात आणि लांब कुठेतरी उतरतात, मधली माणसं कोरडी राहतात. सॉफ्टवेअरनं ही खोडसुद्धा उचलली होती. त्यामुळे वर्ध्याच्या मामाजींना सिंदीचे नत्थूकाका ऐकूच यायचे नाहीत! दोघं रोज एकमेकांना हाका मारायचे आणि शेवटी मोबाइलवर भांडायचे.

मग काकू वारल्या. हर्षित, त्यांचा मुलगा, काकांना कॅनडाला घेऊन गेला. आणि तिथून आवाज आला, खणखणीत.

"बाप्पा रे!" मामाजी ओरडले. "नत्थ्या, सिंदीत होतास तं मुका होतास. सात समुद्रापल्याड गेल्यावर तोंड फुटलं काय तुले?"

"तुह्यापासून लांब गेल्याशिवाय कोणाले सुख लागते, सदा?"

खऱ्या हॅम रेडिओवर गाणं म्हणायला मनाई असते. इथे कोणी अडवत नव्हतं. म्हणून दर एकादशीला काका तिकडून कीर्तन करायचे. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. इकडे मामाजी टाळ धरायचे आणि मी समोर मांडी घालून बसायचे.

सुरू करण्याआधी मामाजी नेहमी विचारायचे, "ही फ्रिक्वेन्सी मोकळी हाय का?" हॅम लोकांची ती रीतच. आधी विचारायचं. कोणी आधीपासून असेल तर जागा त्याची.

त्या कार्तिकी एकादशीला काका फार रंगले होते. पूर्वरंग झाला. मग त्यांनी स्वतः रचलेलं आख्यान काढलं, एका आंधळ्या वाटाड्याचं. तो वाटसरूंना रानातून देवळापर्यंत पोचवतो. एका संध्याकाळी सगळे पोचतात, तो एकटा परत निघतो. आणि त्याला ऐकू येतं... मागून कोणीतरी चालतंय.

"वाटाड्या थांबला," काका म्हणाले. "मान न वळवता त्यानं इचारलं... मागं कोण हाय?"

एरवी मध्यंतर आख्यानाआधी असतं, पण काकांनी ते तिथेच घेतलं.

मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. मी लॅपटॉपच्या कडेला बुक्क्याचं बोट टेकवलं आणि स्क्रीनला झेंडूचा हार घातला.

"अगं, कीबोर्डात जाईल ना ते!" भूपेंद्र ओरडले.

"लावू दे रे," काका हसले. "मले इथीपर्यंत वास आला. चहाचा घोट घेऊन येतो मी. गजर सोडू नको, सदा."

बुवा पुन्हा उभे राहीपर्यंत नामाचा गजर थांबवायचा नसतो. आम्ही विठ्ठल विठ्ठल सुरू केलं.

बराच वेळ गेला.

खरखर तेवढी येत राहिली...

काका आले नाहीत.

रात्री हर्षितचा फोन आला. स्वयंपाकघरातच प्राण गेला होता काकांचा. हातात कप तसाच.

मामाजी रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कीर्तन मधातच राह्यलं."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते लॅपटॉपसमोर बसले. टाळ घेऊन. तिसऱ्या दिवशीही. रोज आधी विचारायचे, "ही फ्रिक्वेन्सी मोकळी हाय का?" थोडं थांबायचे. मग गजर. आम्ही त्यांना बसू दिलं. म्हाताऱ्या माणसाचं दुःख, ते त्याच्या वाटेनंच उतरणार.

मग मार्गशीर्षातली ती संध्याकाळ आली. मी वाती वळत तिथेच बसले होते.

मामाजींनी विचारलं, "ही फ्रिक्वेन्सी मोकळी हाय का?"

खरखर...

आणि त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीत बोलावं तसा...

"नाई."

माझ्या हातातली वात खाली पडली.

"मी हाओ ना इथी."

भूपेंद्र आतल्या खोलीतून धावत आले. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी यादी उघडली.

यादीत एकच नाव होतं. मामाजींचं.

त्यांनी लगेच हर्षितला फोन लावला. तो म्हणाला, "बाबांचं खातं मी तेव्हाच बंद केलं, दादा. लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. उघडवतच नाही मला."

दुसऱ्या संध्याकाळी आवाज पुन्हा आला. थोडा वर. विहिरीच्या तळातून नव्हे, काठावरून आल्यासारखा.

"गजर सोडू नको, सदा. मी येऊन राह्यलो."

रोज तेच वाक्य. आणि रोज आवाज थोडा अधिक स्वच्छ. कुठूनतरी चालत निघालेला माणूस एकेक मुक्काम मागे टाकत यावा तसा.

भूपेंद्रनी न सांगता इंटरनेट तोडलं. मामाजी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ताट पुढे सरकवलं तर म्हणाले, "त्याले रस्त्यात सोडून मी कसा जेवू?"

ते खरंच जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पाण्याचा घोट तेवढा.

"मरतील ना हो ते अशानं," मी भूपेंद्रना म्हटलं.

"आणि सुरू ठेवलं तर? कोण येऊन राह्यलं ते तुला माहीत आहे का, जया?"

मला माहीत नव्हतं. मला फक्त भरलेलं ताट दिसत होतं. मीच जाऊन इंटरनेटचं बटण दाबलं.

त्या संध्याकाळी आवाज इतका स्पष्ट आला की काकांचा श्वास ऐकू येत होता. दम लागलेला...

"आलो, सदा. आलोच."

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी... काहीच नाही.

मामाजींनी विचारलं. वाट पाहिली. नुसती खरखर.

भूपेंद्रनी सुस्कारा सोडला. "संपलं बाबा एकदाचं." त्यांनी तर मला शिरा करायला सांगितला.

मी रवा भाजत होते. भाजता भाजता हात थांबला.

मला सिंदी आठवली.

सिंदीत होते तेव्हा काका ऐकू येत नव्हते. कॅनडातून ऐकू येत होते. लांबचा माणूस ऐकू येतो, फार जवळचा येत नाही...

मी कढई तशीच सोडून बाहेर आले. मामाजींनी खरखर बंद केली होती. लॅपटॉप मिटलेला होता. त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आपल्यासमोर ठेवली होती. टाळ मांडीवर. चेहऱ्यावर असं समाधान, जसं फक्त कीर्तनात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

खोलीत बुक्क्याचा वास येत होता. बुक्क्याची डबी देवघरात, झाकण घट्ट लावलेली.

"बस ना, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "राह्यलेला उत्तररंग सुरू झाला."

मी बसले. मला काही ऐकू आलं नाही. पण मामाजी मधूनच हसत होते, मधूनच मान हलवत होते, आणि धरपदाची, म्हणजे पालुपदाची, जागा आली की टाळ बरोबर पडत होता. कोणीतरी गात असल्याशिवाय टाळ असा पडत नाही. एवढी वर्षं ऐकलंय मी.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हेच चाललंय. मामाजींना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या. नाडी, बीपी, सगळं ठीक. जेवण उलट वाढलंय. आणि जेवताना मामाजी मला आख्यान कुठवर आलं ते सांगतात.

वाटाड्यानं नाला ओलांडला.

वाटाड्या आंबराईशी आला.

वाटाड्याला गावची वेस लागली.

एकदा मी धीर करून विचारलं, "मामाजी, त्याच्या मागं कोण चालत होतं?"

"ते बुवा शेवटी सांगते ना. मधात कायले इचारतेस?"

मला कीर्तनाचा फार लोभ आहे हो. नत्थूकाकांचं राहिलेलं आख्यान पूर्ण व्हावं, असं मला वाटायला हवं. पण मी रोज देवापाशी उलटंच मागते. वाट लांबू दे. त्या वाटाड्याला अजून एखादा नाला लागू दे. कारण कीर्तन संपलं की बुवा निघतात. आणि कीर्तन आटोपून कुठलंही गाव सोडताना काकांनी आपल्या टाळकऱ्याला मागे ठेवलेलं मला आठवत नाही.

काल जेवताना मामाजी खूप आनंदात होते.

"आज गावच्या देवळाची घंटा ऐकू आली त्याले," म्हणाले. आणि हात धुता धुता सहज विचारल्यासारखं, "सूनबाई, घरात कापूर हाय ना व? आरतीले लागन."

कीर्तन आरतीनं संपतं. आमच्या घरी आरती मीच ओवाळते.

देवघराच्या खणात कापराची नवीन वडी होती. मीच आणलेली.

मी म्हटलं, "नाही, मामाजी. संपला."

माळ घातल्यापासून पहिलं खोटं.

मामाजी रागावले नाहीत. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

"थांब मंग, नत्थ्या," म्हणाले. "उद्या पाहू."

हे मी आज दुपारी लिहीत आहे. कापूर मी मघाशी नेऊन विहिरीत टाकला. ऊन अजून ओसरीवर आहे, पण उतरायला लागलंय. आणि मामाजी आजच्यासाठी खुर्ची पुसून ठेवत आहेत.

दोन खुर्च्या पुसल्या त्यांनी. दुसरी काकांच्या मागे ठेवली.