तोएची माफी मागायची नसते

वागादुगूच्या स्टँडवर एकेकाचं नाव पुकारून प्रवाशांना बसमध्ये सोडत होते. "सावाडोगो नोपोको" असं ऐकताच ती पुढे झाली, आणि मागून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "अरे वा, माझी गुलाम! मला न विचारता कुठे निघालीस गं?"

तिनं वळून पाहिलं. उंच, सडपातळ, डोळ्यांत मिश्कील हसू, खांद्यावर सायकलचं नवंकोरं टायर. त्यानं बिनदिक्कत आपली पिशवी तिच्या हातात दिली. "धर. मालकाचं ओझं आहे. पाडलंस तर बघ."

नोपोको लहानाची मोठी झाली फ्रान्समध्ये, लिऑन शहरात. आजोबा वारले होते, त्यांचे मोठे विधी व्हायचे होते, आणि वडिलांना सुट्टी मिळाली नाही म्हणून ती एकटीच आली होती. वडिलांच्या या देशात आयुष्यात पहिल्यांदाच. 'गुलाम' हा शब्द मात्र तिच्या चांगल्या ओळखीचा होता. लिऑनच्या शाळेत तो तिच्या पाठीमागून यायचा, फिदीफिदी हसण्यासकट.

तिचं डोकंच फिरलं. तिनं पिशवी धुळीत भिरकावली. "जंगली!" ती ओरडली. हाही शब्द शाळेतलाच, तिलाच म्हटलेला. "हा माणूस या गाडीत असेल तर मी येणार नाही."

सगळा स्टँड वळून बघू लागला. त्यानं वाकून पिशवी उचलली, झटकली. "मी उद्याच्या गाडीनं येतो," असं हळूच म्हणून बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं होतं. पुकारणाऱ्यानं सवयीनं पुढचं नाव घेतलं, "तोए सियाका", आणि मग ओशाळून कागद खाली केला.

गाडी सुटली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मावशीनं कोलाची कडवट बी चघळत तिला न्याहाळलं. "कुठली गं तू?"

"लिऑनची."

"तरीच. पोरी, तुझं आडनाव सावाडोगो, म्हणजे तू मोसी जमातीची. तो तोए, म्हणजे सामो जमातीचा. सामो मोसीला गुलाम म्हणतो, मोसी सामोला. दोघंही स्वतःला मालक समजतात आणि रागवायचं कुणीच नसतं. वाडवडलांपासून चालत आलंय हे. त्यानं तुला नुसता नमस्कार केला असता ना, तर तो अपमान झाला असता."

"मला... कुणी सांगितलंच नाही."

"बाप काय करत होता तुझा?"

 आजोबांचं गाव, कुदुगू, येईपर्यंत नोपोकोनं खिडकीबाहेरून नजर आत वळवली नाही.

घरी आणखी एक गोष्ट वाढून ठेवली होती. "सियाका कसा आला नाही अजून?" आत्या सारखी दाराशी जात होती. "सायकलवाला गं, बाबांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, लाडका सामो. रोज येऊन बाबांना चार शिव्या घातल्याशिवाय दुकान उघडायचा नाही. तो दार अडवून आडवा पडल्याशिवाय बाबांची पाठवणी होणार कशी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नोपोकोला झालं. तिनं सगळं सांगून टाकलं. आत्या कपाळाला हात लावून खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी तो आला. आला तो थेट उंबऱ्यातच आडवा पडला. "माझा म्हातारा गुलाम पळाला! त्याला परत आणा, नाहीतर ज्वारीच्या दारूचा रांजण आणा!" सगळं घर रडता रडता हसायला लागलं. आत्यानं त्याला केरसुणीनं झोडपलं.

नोपोको समोर आली, तसा तो उठून नीट उभा राहिला. "नमस्कार. प्रवास बरा झाला ना आपला?"

"मला... माफ करा."

"छे, छे. आपण पाहुण्या." आणि तिला वाट देऊन तो बाजूला झाला.

केरसुणीच्या फटक्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. वर आत्या कडाडली, "माफी मागितलीस? तोएची? अगं बये, आता तर पुरतीच परकी झालीस!"

"मग काय करू मी?"

"तोंड दिलंय ना देवानं? वापर की."

बोलायला सोपं होतं. विधी चालू होते तोवर तो साऱ्या जगाची टर उडवत होता आणि तिच्याशी तेवढा सभ्यपणे वागत होता. ती शब्द जुळवून पुढे जायची, त्यानं अदबीनं मान लववली की मागे फिरायची. लाज वाटत होतीच. पण त्या हसऱ्या डोळ्यांनी एकदा तरी आपल्याकडे पाहावं असंही वाटत होतं, आणि त्याची आणखीच लाज वाटत होती.

शेवटच्या दिवशी पुरुष जेवायला बसले. सियाकानं बाजरीच्या गोळ्याचा पहिला घास भेंडीच्या कालवणात बुडवला... आणि तिनं त्याच्यापुढची थाळी खस्सकन ओढून घेतली.

"ए सामो. मालकिणीच्या आधी जेवायला बसलास? लाज आहे की पंक्चरमधून निघून गेली?"

 तिचे कान तापले. त्यानं सावकाश मान वर केली.

"कोण बोललं?"

"तुझी मालकीण."

"ही? हिला थाळी पेलवत नाही, हात थरथरतायत बघा."

"ते... रागानं."

"रागानं होय?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं, माझ्यामुळे."

अख्खं अंगण हसलं. नोपोको थाळीसकट घरात पळाली.

संध्याकाळी तो मागच्या दारी आला, तेव्हा थट्टा करत नव्हता. "त्या दिवशी मला लाज वाटली," तो म्हणाला. "तुला तो शब्द कुणीतरी खरोखर म्हटलाय... हो ना?"

तिनं सांगितलं. शाळेचं, मैदानाचं, वडिलांपासूनही लपवलेलं सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सायकल बाहेर आहे. आईकडे येतेस?"

"आणि... मी त्यांना आवडले नाही तर?"

"तर ती तुला खुर्ची देईल, पाणी देईल, फार गोड बोलेल."

 तरी नोपोको त्याच्यामागे सायकलवर बसली.

त्याची आई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं मुलाकडे पाहिलं, मग या पोरीकडे, डोक्यापासून पायापर्यंत. "एवढी गावं हिंडलास आणि शेवटी मोसीच आणलीस? तीही असली काटकुळी?" तिनं शेंगांची टोपली पायानं पुढे सरकवली. "उभी काय राहिलीस? बस खाली. फोडायला लाग."

नोपोको मातीत मांडी घालून बसली. डोळे इतके भरून आले होते की पहिली शेंग तिला दिसेचना.