अर्जाची तिसरी खेप

"पत्र सुंदर आहे," तो म्हणाला, "पण याच्यावर मत कसं द्यायचं?"

खिडकीपलीकडचा तो कारकून माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. सप्टेंबरचा पाऊस मला घाटातच गाठून गेला होता, आणि माझ्या शालीतून ग्रामपरिषदेच्या कचेरीच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, आमच्या मुलींवर दया करा, अल्लाह तुमचं भलं करो. सभासद 'आमीन' म्हणतील आणि पुढचा विषय घेतील. दयेसाठी कुणी हात वर करत नाही, लल्ला…?"

"इत्तो." लल्ला म्हणजे आमच्याकडचं 'बाई'; नाव मी पुरवलं.

"लल्ला इत्तो. काय हवंय ते एका ओळीत सांगा."

"शाळेची गाडी!" मी जवळजवळ ओरडलेच.

आमच्या तिझगी गावापासून मोठी शाळा चौदा किलोमीटर. सहावी झाली की मुलगी मागावर बसते. मीही तशीच बसले. गालिचे विणणाऱ्या आम्हा चाळीस बायकांची संस्था होती. आजवर आम्ही साहेबांकडे पीठ मागितलं, पांघरुणं मागितली. निर्णय कधी मागितला नव्हता.

"मग तेच लिहा. कोण मागतंय, काय, कधीपासून. मुली किती, ते मोजून आणा." त्याची नजर माझ्या बोटांवर थांबली. "हे… रक्त नाही ना?"

"मंजिष्ठ. लोकर रंगवते मी."

"हुश्श. घाबरलो."

"माझ्यासाठी की कागदासाठी?"

त्याचे कान लाल झाले. नाव यिदिर, हे मला टेबलावरच्या पाटीनं सांगितलं.

आम्ही घरोघर फिरलो. तेवीस मुली निघाल्या. एक बाई म्हणाली, "माझ्या अंगठ्यानं काय होणार?" आमच्या अध्यक्षा लल्ला फाद्मा म्हणाल्या, "लग्नाच्या कागदावर उठवलास तेव्हा विचारलं नाहीस ते? आता पोरीसाठी उठव." सगळ्या हसल्या आणि अंगठे उमटले.

तेवीस जणींत हद्दा होती, माझ्या काकांची मुलगी. वर्गात पहिली. शेजाऱ्याच्या खेचरावरून कशीबशी शाळेत जायची. काका म्हणाले, "हिवाळ्याआधी गाडी ठरली तर शिकू दे. नाहीतर कासाब्लांकाला मावशीकडे जाईल, घरकामाला."

दुसऱ्या खेपेला यिदिरनं चूक काढली. ओळखपत्रांचे क्रमांक नव्हते. चूक खरीच होती. मग स्वतःचा चहाचा पेला माझ्याकडे सरकवत तो हळूच म्हणाला, "बैठकीआधी सभासदांना घरी जाऊन भेटा. माणूस बैठकीत पहिल्यांदा ऐकतो ना, तेव्हा आधी नाहीच म्हणतो."

"तुम्हीही तसेच का? पहिल्यांदा नाही म्हणणारे?"

"मी…" तो कागद सारखे करत बसला. "मला कुणी अजून काही विचारलंच नाही."

पुदिन्याचा तो चहा गारढोण झाला होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

तिसऱ्या खेपेला सगळं बिनचूक होतं. त्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली. बाहेर पाऊस, आत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक… "संस्थेचा शिक्का जरा पुसट आहे," तो म्हणाला. "परवा नवा उमटवून आणाल?"

मी शिक्क्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"परवा?"

"हो. मी… असेनच इथे."

ठरल्या दिवशी मी नव्या शिक्क्यासकट पोचले, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. विषयपत्रिकेची मुदत त्यानं शुक्रवारपर्यंत धरली होती. ती गुरुवारीच संपली होती. पुढची बैठक थेट फेब्रुवारीत.

"शिक्का चांगला होता," तो पुटपुटला. "तुम्ही आणखी एकदा यावं, एवढंच… लल्ला इत्तो, मला वाटलं एक दिवस हातात आहे."

मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि निघाले.

डिसेंबरात हद्दा कासाब्लांकाच्या बसमध्ये चढली. दप्तर माझ्याकडे देऊन म्हणाली, "ताई, सांभाळ. अर्ध्या वह्या कोऱ्या आहेत अजून."

मी त्या खिडकीशी गेले नाही. पण मागावर गाठी चुकायच्या. रोज ठरवायचे, त्याला आठवायचं नाही; आणि हे ठरवतानाच तो आठवायचा. एकदा लल्ला फाद्मा कचेरीतून आल्या ते कपाळावर हात मारतच.

"वेडाय तुझा कारकून! कुणी विचारलं नसताना परिषदेच्या अध्यक्षांना लिहून दिलं, अर्ज माझ्या चुकीनं राहिला म्हणून. आता बदली होणार त्याची."

"माझा का म्हणता?"

"मग कुणाचा? माझा? त्या गालिच्याची काय दशा केलीस ती बघ आधी."

जानेवारीभर आम्ही बर्फ तुडवत पंधराच्या पंधरा सभासदांची दारं वाजवली. फेब्रुवारीत भरल्या बैठकीत मी उभी राहिले. "ऑक्टोबरात तेवीस मुली होत्या," मी म्हणाले, "आता बावीस आहेत." कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारी लेखणी थांबली. यिदिरनं मान वर केली नाही. अकरा हात वर झाले.

एप्रिलमध्ये गाडी आली. पहिल्या दिवशी बावीस जणींसोबत मीही गेले. परतताना शहरात जाणाऱ्या टॅक्सींच्या तळावर तो दिसला, हातात पेटी, बदलीवर निघालेला. टॅक्सीत पाच जण बसले होते. सहावा आल्याशिवाय ती हलणार नव्हती, आणि सहावा तोच होता.

"अजून एक येतोय!" तो चालकाला म्हणाला. "मी पुढच्या टॅक्सीनं जाईन."

खरोखरच एक म्हातारा कोंबडी काखेत मारून आला आणि चढला. ती टॅक्सी गेली. पुढची रिकामी उभी होती.

"माफी मागायला मला तोंड नाही," यिदिर म्हणाला.

"मला माफ करण्याचा हक्क नाही. तो हद्दाचा." मी पेटीच्या कडीकडे बघत होते. "पण तुम्हाला एक सांगायचंय. शिक्का पुसट नव्हता, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं."

त्यानं पेटी खाली ठेवली.

"भांडता आलं असतं. भांडले नाही. परवा पुन्हा यायचं म्हणून… घाटभर गात गेले मी."

टॅक्सीत एक बसला. मग दोन बायका. आम्ही प्रत्येक येणाऱ्याकडे शत्रूसारखं बघत होतो. पाचवा चढला तेव्हा तो म्हणाला, "मी परत येऊ, इत्तो?"

नुसतं इत्तो. पहिल्यांदाच.

"आधी कासाब्लांकाला जा," मी म्हणाले आणि पत्ता सांगितला. त्यानं तो तळहातावर लिहून घेतला. मग दार लागलं.

मे गेला. जूनचे वीस दिवस गेले. एका दुपारी फोन वाजला. हद्दा.

"ताई, एक माणूस आलाय. उंच, कान लाल. माझ्यासमोर उभं राहून म्हणाला, 'तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं.' मोठ्या माणसानं असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"आधी रडले. मग खूप बोलले त्याला. त्यानं ऐकून घेतलं सगळं. आता दोन तास झाले, मावशीला सांगतोय की गाडी मंजूर झालीय, सप्टेंबरला हिला पाठवा. मावशी विरघळलीय. बाबांचं मात्र तूच बघ."

"बघते. आजच जाते काकांकडे."

"आणि ताई… मी माफ केलं की नाही, ते तो विचारतच नाहीये. नुसता दाराशी उभाय."

"तू केलंस?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"अर्धं. उरलेलं शाळेत गेल्यावर. त्याला काय सांगू?"

लल्ला फाद्मांनी मागावरून मान वर केली होती, सगळ्या जणींचे हात थांबले होते.

"सांग," मी म्हणाले, "अर्ध्या माफीवर परत ये."