शेवटची ओळ

माणूस प्रेमात पडला की त्याला जग स्वच्छ दिसू लागतं. इतरांच्या नजरेतून सुटतं तेही दिसतं. हे अगदी खरं आहे. अडचण एवढीच की आपल्या मोबाईलवाल्याला आधीपासूनच सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि प्रेमात पडल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर दिसत नाही म्हणून सांगितलं.

त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि शेजारचं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, तीही प्लायवूडची. एका दुपारी त्याचा सगळ्यात बारीक स्क्रू ड्रायव्हर मोडला. चष्म्याच्या काड्या आवळायचा चालेल, असा विचार करून तो भुरभुर पावसातून शेजारी गेला. आत चष्मेवाली एका पेशंटची वाट बघत होती. तिनं वर न बघताच खुर्चीकडे हात केला.

"बसा. हनुवटी टेकवा."

"नाही, मी फक्त—"

"बोलू नका. यंत्र हलतं."

तो बसला. यंत्रात एक सरळ रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा. फुगा धूसर झाला, स्पष्ट झाला. यंत्रानं एक चिठ्ठी बाहेर काढली, ती तिनं वाचली आणि खिशात टाकली. मग ती समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी जाऊन उभी राहिली. तक्त्यामागचा दिवा तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. पट्टी ठेवत ती एकेक ओळ विचारत गेली आणि तो धडाधड वाचत गेला. पट्टी शेवटच्या ओळीवर आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ही वाचली की उठावं लागणार.

"ही... ही नाही दिसत."

"एकही अक्षर नाही?"

"पहिलं एच असावं. किंवा... तुम्ही थोडं बाजूला— नको, तिथंच उभ्या राहा."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चष्मा लागेल," ती म्हणाली.

अशा रीतीनं तो स्क्रू ड्रायव्हर आणायला गेला आणि चष्मा घेऊन आला. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी नेला. परत केला नाही.

पावसात चष्म्यावर थेंब पडतात आणि गरम चहा समोर धरला की काचांवर वाफ धरते, हे सगळं त्याला नवीन होतं. पण तो निष्ठेनं चष्मा वापरू लागला आणि निष्ठेनंच तक्रारी घेऊन जाऊ लागला. कधी डोकं दुखे, कधी नाकावर रुते. दर वेळी ती त्याला तक्त्यासमोर बसवी आणि दर वेळी तो शेवटच्या ओळीला अडखळे. ही अडखळायची कलाही सोपी नसते. आज कुठलं अक्षर चुकवायचं हे ठरवायला आधी सगळी बरोबर माहीत असावी लागतात.

"मागच्या वेळी तुम्हाला चौथं अक्षर दिसलं होतं," ती म्हणे.

"आज नाही दिसत."

"डोळे बिघडत चाललेत तुमचे."

"मग... जास्त वेळा यायला हवं का?"

"या ना. खुर्ची रिकामीच असते."

गल्ल्यावर तिची मावशी बसे. चष्मेवालीला मावशीनंच वाढवलं होतं, आणि तेही ओरडून. मावशी गल्ल्यावरून ओरडली की प्लायवूडच्या पलीकडे मोबाईलवाल्याच्या हातातला स्क्रू पडे. पुढं मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजे, त्यामुळे चष्म्याची किंमत सांगितली तरी गिऱ्हाइकाला गुपित ऐकल्यासारखं वाटे. धंदा थोडा वाढलाही.

त्याच सुमारास दुकानात तक्त्याच्या जागी नवा इलेक्ट्रॉनिक पडदा आला. त्यावर अक्षरं दर वेळी बदलत. जुना तक्ता भंगारात गेला. मोबाईलवाल्याला हा बदल जड गेला, कारण रोज नवी अक्षरं खरोखर वाचून मग चुकवायची म्हणजे दुप्पट काम.

आणि मग चष्मेवालीनं आपला फोन धुतला.

गिऱ्हाइकांच्या फ्रेमा धुवायचा एक छोटा थरथरता टब तिच्या टेबलावर असे. मळकी वस्तू हातात आली की त्यात सोडायची, हे हाताला लागलेलं वळण. त्या दिवशी एका हातात मळकी फ्रेम होती आणि दुसऱ्या हातात मळका फोन. तिनं दोन्ही सोडले. फ्रेम लखलखीत निघाली. फोनही लखलखीत निघाला, पण पुन्हा सुरू झाला नाही.

"गेला," मोबाईलवाला आपल्या दुकानात फोन उघडून म्हणाला. "नवीन घ्यावा लागेल. बॅकअप आहे ना?"

"दुकानाच्या कॉम्प्युटरवर आहे. पण त्याला पासवर्ड आहे."

"मग टाका."

ती फोनच्या स्वच्छ काचेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. "त्यात मावशीचे आवाज आहेत," ती शेवटी म्हणाली. "ऑपरेशनच्या आधीचे. ती लिहायचा कंटाळा करायची, सगळं बोलून पाठवायची. भाजी आण, लवकर ये, कुठं मेलीस. घरात आता कुणी ओरडत नाही हो."

मोबाईलवाल्यानं चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"पासवर्ड काय ठेवला होता, काहीच आठवत नाही?"

"आठवतं की. जुन्या तक्त्याची शेवटची ओळ. समोर रोज दिसतेय, विसरायचं कारणच नाही, असं वाटलं होतं."

"मग—"

"पासवर्ड ठेवताना पाहिली तेवढीच, नंतर तक्त्याकडे कधी नीट बघितलंच नाही. पेशंटचे डोळे बघायचे असतात. तक्ता भंगारात, आणि तो बनवणारी कंपनी बंद."

"जुन्या पेशंटना विचारा."

"ज्यांना शेवटची ओळ दिसते ते परत येत नाहीत," ती म्हणाली. "परत येतात ते न दिसणारेच. तुमच्यासारखे."

यात खोट काढायला जागा नव्हती. जगात ती ओळ तोंडपाठ असलेला माणूस एकच होता, आणि ती ओळ आपल्याला वाचता येत नाही असं त्यानं त्याच खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

तिच्यामागून तिच्या दुकानात जाऊन त्यानं आधी सभ्य मार्ग शोधला. "एक सॉफ्टवेअर असतं. कॉम्प्युटर माझ्याकडे द्या, मी आत बसून—"

"दुकानाबाहेर नाही जायचा," गल्ल्यावरून कुजबुज आली. मावशीला ऐकू उत्तम येई.

"मग मी इथंच... तुम्ही जरा पाठ करून—"

"मी इथंच उभी राहणार," चष्मेवाली म्हणाली, आणि पूर्वी तक्त्याशेजारी उभी राही तशी पडद्याशेजारी उभी राहिली. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड.

तो कीबोर्डसमोर बसला. नाही म्हटलं, तर खुर्ची राहील, तपासणी राहील, तिचं ते 'एकही अक्षर नाही?' राहील. हो म्हटलं, तर मावशीचा आवाज परत येईल आणि हा माणूस लबाड ठरेल. बाहेर पाऊस पत्र्यावर टकटक करत होता. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एच," तो म्हणाला. आणि टाईप केलं. "टी. झेड. व्ही..." आवाज खाली खाली जात होता, बोटं मात्र सरळ चालली होती. "ओ. पी. डी. एल."

बॅकअप उघडला.

कॉम्प्युटरवर हिरवी पट्टी सावकाश पुढं सरकत राहिली.

"मला दिसतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून दिसतं. ओळ वाचली असती तर... उठावं लागलं असतं. म्हणून."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"हनुवटी टेकवली होती ना? यंत्रानं तेव्हाच सांगितलं. तुमचा नंबर शून्य."

"मग हा चष्मा?"

"साध्या काचा आहेत. म्हटलं, येताय तर या." तिनं चष्मा उचलला, उगाच उजेडासमोर धरला. "अडखळायला मात्र तुम्हाला नीट जमायचं नाही. दर वेळी आधी माझ्याकडे बघायचात."

"म्हणजे ही ओळ मला येते हे तुम्हाला..."

"नाहीतर फोन घेऊन तुमच्याकडे कशाला आले असते? पलीकडच्या गल्लीत तुमच्यापेक्षा स्वस्त माणूस आहे."

"मग सरळ विचारायचं ना."

"मी विचारायचं?" ती म्हणाली. "तुम्ही काय नुसती डोकेदुखी घेऊन येणार होता, जन्मभर?"

"जन्मभर यायची... तयारी आहे माझी," तो म्हणाला. असं काही तो आधी कुणाला बोलला नव्हता, त्यामुळे वाक्य संपल्यावर हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. तिनं एक हात घेतला. दुसरा कीबोर्डवर राहिला आणि स्क्रीनवर एकच अक्षर लांबच लांब उमटत गेलं.

पट्टी पूर्ण झाली. तिनं सगळ्यात वरचा आवाज लावला आणि मावशी दुकानात गरजली, पूर्वीसारखीच, काचेची कपाटं थरथरवत.

"अगं, तो शेजारचा आज पुन्हा येऊन बसलाय का? त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चोर आहे मेला. आपला स्क्रू ड्रायव्हर नेलाय त्यानं, आधी तो माग."

गल्ल्यावर मावशीनं डोळे मिटून स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"पुन्हा लाव," ती कुजबुजली.

पुढं त्या दोघांचं लग्न झालं. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी त्याला खरोखर चष्मा लागला. जवळचा.