विरजणाशिवाय

शून्य.

मल्लाप्पांच्या कानामागचा, सहा वर्षांपूर्वी बसवलेला वाचापूरक बंद पडला त्याला सतरा दिवस झाले होते. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या माणसाच्या मनातले शब्द जोडून देणारं हे नखाएवढं यंत्र. मिरजेत ते लावलेले चाळीसेक जण होते. बनवणारी कंपनी मात्र उरली नव्हती.

"मूळ प्रोग्रॅम आहे माझ्याकडे," यंत्र दुरुस्त करायला आलेली रेश्मा मुजावर म्हणाली, "पण काकांच्या चिपला कळेल अशा भाषेत तो उतरवणारा अनुवादक नाही. अनुवादक बांधायला कंपनीचं भांडार लागतं, रोजच्या कामांचे तयार तुकडे. आणि भांडार बांधायला लागतो अनुवादक."

मल्लाप्पांच्या पत्नी गौराक्का हसल्या. "म्हणजे दही लावायला दही पायजे."

"आणि विरजणच नाही, काकू."

"मग मिरचीचे देठ टाक की. पातळ लागतं, पण लागतं. त्याचंच पुढं विरजण."

एक.

देठांचं दही चार दिवसांत लागलं. म्हणजे भांडाराशिवाय चालणारा, अर्धामुर्धा अनुवादक. प्रोग्रॅम नाव घेऊन एकेक तुकडा मागायचा, रेश्मा तो हाताने लिहायची. आठवण ठेवणे, लिहिलं. शब्द जुळवणे, लिहिलं. सहमती... हा तुकडा काय करतो, तेच कुठे सापडेना. काम अडू नये म्हणून तिने नुसतं नाव ठेवलं. आत काहीच नाही.

दोन.

"चहा गुळचट झालाय," मल्लाप्पा म्हणाले.

गौराक्कांनी पदराने डोळे टिपले. "एकच चमचा घातलीया साखर."

आणि त्या थांबल्या. गेली सहा वर्षं यापुढे एक वाक्य यायचं: तुझंच खरं, गौरा.

"गुळचट झालाय म्हणतो ना!"

स्वयंपाकघरात त्यांनी रेश्माला गाठलं. "एक वाक्य राहिलंय बघ तुझं."

वाक्य ऐकून रेश्माने तुकड्यांच्या यादीत 'सहमती' या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ते भांडारातलं असणार, काकू. वाद वाढला की यंत्रच बोलायचं. सगळ्यांच्या तोंडी तेच."

शेहेचाळीस वर्षांचा संसार. चाळीस भांडणात गेली, सहा सुखात.

"जागा रिकामी आहे अजून," रेश्मा म्हणाली. "काकांना विचारू या?"

"विचारलं तर नको म्हणतील."

बाहेर कप जोरात आपटला. गौराक्कांनी गॅस बारीक केला.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण दर खेपेला नको. कधीमधी. आणि कधी, ते मला सांगू नको."